ट्रिगर हळू, मित्रांनो!



"मराठी विभागात नुसत्या कविता आल्यात, काहीतरी वेगळं दे," असं सर म्हणाले, म्हणून हा खटाटोप. माझी शाळा नागपूरची, कॉन्व्हेंट. तिथे वर्गात मराठी बोललं की दंड पडायचा. त्यामुळे माझं मराठी म्हणजे थोडं आजीचं आणि थोडं हॉस्टेलचं. सांभाळून घ्या. विषय मात्र हातातला आहे. संध्याकाळी वर्कशॉपच्या मागून जो "शूंऽऽऽ... खाड!" असा आवाज येतो आणि लगेच "मार्शल!" अशी बोंब ऐकू येते, त्या आरसी कार्सबद्दल मी लिहिणार आहे. म्हणजे रेडिओवर चालणाऱ्या गाड्या, आणि त्याही डांबरावर नाही, मातीत पळणाऱ्या.

मेसमध्ये कुणी ना कुणी विचारतंच, "ती खेळण्यातली रिमोटची गाडी ना?" नाही हो! खेळण्यातल्या गाडीला दोनच गोष्टी कळतात, चालू आणि बंद. आमच्या गाडीत ट्रिगर जितका दाबाल तितकाच वेग, आणि रिमोटचं चाक जितकं फिरवाल तितकंच वळण. शॉकअपमध्ये खरं तेल असतं, डिफरन्शियल असतं, प्रत्येक पार्ट सुटा मिळतो. आकार साधारण खऱ्या गाडीच्या एक दशांश. ज्यांना बाहा एसएईइंडिया माहीत आहे (२००७ मध्ये पीथमपूरला सुरू झालेली ती खड्ड्या-चढांतली स्पर्धा), त्यांना एवढंच सांगते की भानगड तीच आहे, फक्त ड्रायव्हर गाडीच्या बाहेर उभा असतो. आणि सगळी गोम त्या बाहेर उभं असण्यातच आहे.

आता हे लिहायची गरज का पडली? आपल्याकडे दोन गाड्या आहेत, दोन्ही वर्गणी काढून घेतलेल्या. एक टू-व्हील ड्राइव्ह बग्गी, एक फोर-व्हील. दरवर्षी फर्स्ट इयरची वीस-पंचवीस मुलं मोठ्या उत्साहाने येतात. पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी फुल ट्रिगर दाबतो, गाडी भिंतीवर जाते, सस्पेन्शनचा आर्म मोडतो. नवीन आर्म कुरियरने यायला दोन-तीन आठवडे. तोपर्यंत उत्साह गेलेला असतो. पुढच्या वेळी येतात दोघं! यंदा फायनलची पाच जणं पास होऊन जाणार, मग उरतो आम्ही तिघं. तीन माणसांत ना शर्यत होते ना मार्शलिंग. यंदाही पोरं टिकली नाहीत तर गाड्या वर्कशॉपच्या कपाटात जातील आणि तिथून त्या पुन्हा बाहेर येणार नाहीत, हे मला लिहून घ्या.

म्हणून हा लेख नवीन येणाऱ्यांसाठी आहे. बाकीच्यांनी मजा म्हणून वाचावा.

थोडा इतिहास सांगून टाकते, नाहीतर लेख लेख वाटत नाही. मातीतल्या गाड्यांचं वेड वाढलं ते १९७९ च्या सुमारास, जपानच्या तामिया कंपनीने वाळूत पळणाऱ्या बग्ग्या काढल्या तेव्हापासून. १९८४ मध्ये अमेरिकेत आरसी१० नावाची बग्गी आली, आणि १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात डेल मार इथे एक दशांश ऑफ-रोडची पहिली जागतिक स्पर्धा झाली. आणि एक नाव लक्षात ठेवा, मसामी हिरोसाका. जपानचा हा ड्रायव्हर १९८७ मध्ये पहिल्यांदा जगज्जेता झाला आणि पुढे एकूण चौदा वेळा! त्याच्या शर्यतींचे जुने व्हिडिओ बघा. गाडी इतकी शांत चालते की हळू चालली आहे असं वाटतं. आणि घड्याळात पाहावं तर तोच पुढे!

आता आपल्या ट्रॅककडे या. मुंबई-पुण्याच्या पोरांनी लिहिलेल्या टिप्स इथे अर्ध्याच लागू पडतात, कारण आपली माती वेगळी. सिव्हिलवाल्यांना सांगायला नको, वर्ध्याची काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. पावसाळ्यात तिच्यावर गाडी घालूच नका. चार फेऱ्यांत टायरचे सगळे काटे मातीने भरून चाकांचे लाडू होतात, मोटर घामाघूम होते, आणि तोच चिखल शॉकअपवर वाळला की सिमेंटसारखा बसतो. उन्हाळ्यात उलट, भेगा. पुढचं चाक भेगेत अडकलं की गाडी जागच्या जागी कोलांटी मारते. म्हणून आपण ट्रॅकवर मुरूम टाकून दाबून घेतला आहे आणि कडेला ठिबकच्या जुन्या नळ्या लावल्या आहेत. खरा सीझन दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. त्यातही एक विदर्भी संकट आहे, कापूस! वेचणीच्या दिवसांत वाऱ्याने उडून आलेले धागे चाकाच्या ॲक्सलला गुंडाळले जातात आणि बेअरिंगमध्ये शिरतात. दर दोन बॅटऱ्यांनंतर चाक काढून बघायचं. परदेशातल्या कुठल्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं मला अजून दिसलं नाही.

गाडी खाली ठेवण्याआधी ट्रॅकवरून पायी एक चक्कर मारा. हे कुणी करत नाही! थोड्या फेऱ्या झाल्या की मुरमावर एक गुळगुळीत, काळपट पट्टा तयार होतो. इंग्रजीत त्याला ग्रूव्ह म्हणतात. आपल्याकडे त्याला किती छान शब्द आहे, चाकोरी! बंडीच्या चाकांनी पडलेली वाट. शाळेत निबंधात "चाकोरीबाहेरचा विचार करा" वगैरे शिकवलं होतं, पण इथे चाकोरी सोडली की संपलं. बाहेर सगळा फुफाटा असतो, त्यावर टायरला पकड नाही. नवीन माणसाने पहिले पंधरा दिवस चाकोरीतच राहावं. बाहेरचे विचार नंतर.

मग येतो सगळ्यात मोठा घोळ. गाडी तुमच्यापासून लांब जाते तेव्हा उजवं ते उजवं. गाडी वळून तुमच्याकडे तोंड करून आली की उजवं ते डावं! शंभर टक्के नवीन लोक इथे अडकतात. हुशारी-बिशारीचा काही संबंध नाही, आमच्या बॅचचा टॉपरही अडकला होता. काहीजण रिमोटच उलटा धरतात, काही स्वतःच गाडीकडे पाठ करून मान वळवून बघतात (फोटो आहेत माझ्याकडे). यावर उपाय एकच. आपण गाडीत बसलो आहोत असं समजायचं, आणि सरावासाठी मोकळ्या जागेत दोन विटा ठेवून त्यांच्याभोवती आठचा आकडा काढत राहायचं. इंग्रजी आठ बरं का. मराठी ८ काढाल तर गाडी थेट गटारात! एक पूर्ण बॅटरी आठ काढण्यात घालवा, दुसऱ्या दिवशी दुसरी घालवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात आपोआप वळायला लागतो आणि डोकं मधून बाजूला होतं. सायकलचं कसं होतं, तसंच.

नजर गाडीवर ठेवायची नाही, गाडीच्या पुढे हात-दीड हात ठेवायची. गाडी तुम्हाला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतेच. नजर गाडीवर चिकटली की वळण आल्याचं तुम्हाला गाडीबरोबरच कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

आता ट्रिगर. लेखाचं नावच त्यावर आहे, तर जरा सविस्तर सांगते.

आपल्या वर्कशॉपमधले अटेंडंट काका रोज बाकावर बसून आमचा तमाशा बघतात. काका देवळीकडचे, घरची शेती. तरुणपणी त्यांनी शंकरपटात जोडी पळवली आहे. पट सरळ असतो, वेळ सेकंदात मोजतात, त्यामुळे वळणाशी त्याचा संबंध नाही. पण बंडी त्यांनी आयुष्यभर हाकली. सेकंड इयरला असताना मी पहिल्यांदा रिमोट हातात घेणार, तर काका म्हणाले, "पोरी, बंडी वळवाची असन तं वळणाच्या आंधी कासरा ढिल्ला करा लागते. वळणात ओढातान केली का बैल बी घसरते न बंडी बी उलटते. वळण झालं का मंग सोड त्याले."

आता हेच इंग्रजी पुस्तकात "स्लो इन, फास्ट आउट" म्हणून लिहिलेलं असतं. टायरची पकड मर्यादित असते. ती ब्रेकला वापरा, वळायला वापरा किंवा वेग वाढवायला वापरा. एकाच वेळी तिन्ही मागाल तर टायर नाही म्हणतो. म्हणून ब्रेक सरळ रस्त्यावर, वळण सुरू व्हायच्या आधी. मग ट्रिगर मोकळा सोडून गाडी वळवायची. नाक बाहेरच्या दिशेला सरळ झालं की ट्रिगर हळूहळू दाबायचा. टू-व्हीलच्या बग्गीत वळणाच्या मधेच ट्रिगर दाबला की मागची बाजू गर्रकन फिरते आणि गाडी आलेल्या दिशेला बघत उभी राहते. फोर-व्हील फिरत नाही, पण ती वळतही नाही, सरळ नळीत घुसते. माझं मत विचाराल तर शिकायला टू-व्हील घ्या. ती लगेच कान पकडते. फोर-व्हील लाड करते, आणि सवय बिघडली की मग सुटत नाही.

"हळूहळू दाबा" म्हणजे किती हळू, असं विचारतात. तुम्ही फर्स्ट इयरला सेवाग्रामला गेलाच असाल. तिथे कुणी सूत काढताना दिसलं तर पेळू धरलेला हात बघा. हिसका दिला की धागा तुटतो, एकदम ढिला सोडला की गाठ पडते. ट्रिगर अगदी तसाच ओढायचा. आमच्यातला एक जण गेम खेळून-खेळून तयार झालेला, त्याचं बोट फक्त टकटक करतं. त्याची गाडी पण टकटकच चालते!

रिमोटमध्येच याची सोय असते, पण कुणी बघत नाही. थ्रॉटल लिमिट नावाचं एक सेटिंग असतं, ते पहिल्या महिन्यात निम्म्यावर ठेवा. स्टिअरिंगचा ड्युअल रेट पण थोडा कमी करा. यात लाज कसली? निम्म्या वेगाने दहा फेऱ्या न पडता झाल्या की थोडा वाढवा. पडायला लागली की पुन्हा कमी. अशी शिडी चढायची.

उडी. याच्यासाठीच सगळे येतात, माहीत आहे मला! चढावर चढताना गाडी सरळ पाहिजे, ट्रिगर एकसारखा पाहिजे. चढाच्या टोकावर एकदम सोडला की नाक खाली जातं. आणि आता मेकॅनिक्सच्या सरांना आवडेल अशी गोष्ट. हवेत असताना जमीन नाही, तरी गाडीचं नाक वर-खाली करता येतं. ट्रिगर दाबला की चाकं जोरात फिरतात आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून नाक वर येतं. ब्रेक मारला की चाकं थांबतात आणि नाक खाली जातं. अँग्युलर मोमेंटम! परीक्षेत दोन मार्कांना येतं, इथे डोळ्यांनी दिसतं. पण जमिनीला टेकताना ट्रिगर दाबलेला नको. जोरात फिरणारं चाक अचानक पकडीत आलं की तो झटका सरळ गिअरला जातो, आणि गिअरचे दात जातात. उतारावर उतरा, सपाटीवर आपटू नका. आणि उंच उडी म्हणजे टाळ्या, पण वेळ वाया. हवेत गाडी वेग घेत नाही.

आता जरा हिशोब करू, कारण "मी फास्ट आहे" हे ऐकून माझे कान किटले आहेत. शर्यत ५ मिनिटांची, म्हणजे ३०० सेकंद. एक जण प्रत्येक फेरी २५ सेकंदांत करतो, पडत नाही. त्याच्या १२ फेऱ्या बरोबर ३०० सेकंदांत. दुसरा फेरी २३ सेकंदांत करतो, पण चारदा पडतो, आणि दर वेळी मार्शल येऊन गाडी सरळ करेपर्यंत ८ सेकंद जातात. २३ गुणिले १२ म्हणजे २७६, अधिक ३२, एकूण ३०८. हरला! आणि आपल्या ट्रॅकवर नवीन माणूस पाच मिनिटांत चारदा नाही, चौदा वेळा पडतो. तेव्हा पहिलं ध्येय वेगाचं ठेवू नका. एक पूर्ण बॅटरी न पडता, एवढंच ठेवा.

पडलीच, तर बोट ट्रिगरवरून काढा. उलट्या गाडीची चाकं फिरवत राहून काही होत नाही, उलट मार्शलच्या बोटांना लागतं. शांतपणे "मार्शल" म्हणा आणि थांबा. मागून वेगाची गाडी आली तर घाबरून बाजूला होऊ नका, आपली रेषा सोडू नका. पुढच्याला पास कसं करायचं हे मागच्याचं काम आहे. तुम्ही मधेच दचकून वळलात की दोन्ही गाड्या जातात. फारच जवळ आला असेल तर पुढच्या वळणावर थोडं बाहेरून जा आणि त्याला आतली जागा द्या.

आणि आपली शर्यत संपली की पळायचं नाही! पुढच्या शर्यतीला मार्शल म्हणून उभं राहायचं, हा नियम जगभर आहे. वळणाजवळ उभं राहा, ट्रॅककडे पाठ करू नका, मोबाइल खिशात ठेवा. गाडी उचलताना आधी येणारा ट्रॅफिक बघा, मग उचला, आणि चाकोरीच्या कडेला पुढच्या दिशेला तोंड करून ठेवा. खरं सांगू का, मार्शलिंग करताना जेवढं शिकायला मिळतं तेवढं रिमोट हातात घेऊनही मिळत नाही. चांगला ड्रायव्हर कुठे ट्रिगर सोडतो ते आवाजावरून कळतं. डोळे मिटून ऐका एकदा (अर्थात मार्शल नसताना!).

बॅटरीबद्दल मी गंमत करणार नाही. लिपो बॅटरी हॉस्टेलच्या रूमवर चार्ज करायची नाही. गादीवर, पलंगाखाली, चार्जिंगला लावून मेसला, अजिबात नाही. ही बॅटरी पेटली की विझवणं सोपं नसतं, आणि आपल्या रूममध्ये काय असतं ते आपल्याला माहीत आहे, कपडे आणि नोट्स. चार्जिंग फक्त लॅबमध्ये, फरशीवर, कुणीतरी समोर बसलेलं असताना. दोन सेलची बॅटरी पूर्ण भरली की ८.४ व्होल्ट, आणि चालवताना सेलमागे ३ व्होल्टच्या खाली कधीच जाऊ द्यायची नाही. आठवडाभर वापरणार नसाल तर सेलमागे ३.८ वर ठेवा. चालवून गरम झालेली बॅटरी गार होऊ द्या, मग चार्जिंगला लावा. फुगलेली दिसली की काकांना द्या, दाबून बघू नका. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा बॅटरी गाडीच्या डिकीत किंवा खिडकीत विसरायची नाही. अजून एक सोपी गोष्ट. सुरू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. क्रम उलटा झाला तर गाडी ऐकायला कुणी नसताना पळू शकते.

आता मैत्रिणींसाठी. गेल्या वर्षी आमच्यापैकी तिघीजणी आल्या आणि दोघींनी सोडलं. गाडी जमत नव्हती म्हणून नाही. प्रॅक्टिकल पाचला सुटतं, डिसेंबरात पावणेसहाला अंधार, आणि आपलं गेट सातला बंद. मुलं लाइट लावून नऊपर्यंत सराव करतात. शर्यतीत मग तेच पुढे, आणि वरून ऐकायचं की "मुलींना स्पीडची भीती वाटते." काय बे, भीती? नदीपलीकडे तळेगाव दशासरच्या शंकरपटात बायांनी जोड्या हाकल्या, पेपरात फोटो आले. काकांनीच मला ते कात्रण दाखवलं. बैलजोडीला थ्रॉटल लिमिट नसतं! (पटावर २०१४ मध्ये बंदी आली होती. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा कायम ठेवला. काकांना या तारखा पाठ आहेत, माझ्या पीएलच्या तारखा मला नाहीत.)

तर आम्ही अर्ज केला, बावीस सह्यांचा. रेक्टर मॅडम म्हणाल्या, "संध्याकाळचं गेट बदलणार नाही. पण रविवारी सकाळी साडेसहा ते नऊ जा. एक महिना बघू. मुली खरंच आल्या तर पुढे ठेवू, नाहीतर बंद." मॅडम, हा लेख तुम्ही वाचालच, म्हणून इथेच थँक्यू म्हणून घेते. सकाळची वेळ तशीही चांगली. वारा नसतो, दवाने फुफाटा बसलेला असतो, आणि मुरमावर पकड दिवसभरात सगळ्यात छान तेव्हाच असते. मुलांना अजून हे कळलेलं नाही, ते झोपलेले असतात.

महिन्याचे चार रविवार, त्यातला एक झाला. पहिल्या रविवारी सहाजणी होत्या. एकीने तासभर फक्त आठ काढले. ती आर्वीकडची, घरी ट्रॅक्टर चालवते, आणि तिसऱ्या बॅटरीला ती फोर-व्हील घेऊन न पडता नऊ फेऱ्या फिरली. काका बाकावरून उठून उभे राहिले होते.

पुढच्या रविवारी साडेसहाला, वर्कशॉपच्या मागे. गाडी आमची, बॅटरी आमची. टोपी आणि पाण्याची बाटली तुमची. बूट घालून या, चप्पल घालून मार्शलिंग करू देणार नाही.